बागेतलं गंधक

मखमलाबादच्या शिवारात वाल्मीकला सगळे पानाचा डॉक्टर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडायचं. कुणी तसं म्हटलं की तोंडाने "काहीतरीच तुमचं" म्हणायचा, पण हसू काही मिशीत मावायचं नाही. स्वतःची द्राक्षबाग लहानशीच. कडेला थोडा गुलाब, थोडी शेवंती, ती फुलं त्याची बायको सुवर्णा पहाटे बाजारात नेऊन विकायची. पण हा गडी कुणाच्याही बागेतलं पान हातात घ्यायचा, उलटं करायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, ही भुरी, ही डावणी, हा नुसता पाण्याचा ताण. दिंडोरीकडचे मोठमोठे बागाईतदार त्याला न्यायला फटफटी पाठवायचे. नव्वदच्या दशकाचे ते पहिले दिवस. कुणाच्या खिशात फोन नव्हता, पण वाल्मीकचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

त्याची लेक दीपमाला, एकुलती एक. आठवीत होती, सायकलवरून गंगापूर रोडच्या शाळेत जायची. बापाचं वेड म्हणाल तर भारी. शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकून थेट बागेत. "आप्पा, हे पान बघा. आप्पा, हे कशाने झालं?" घरात आईशी बोलणार नाही इतकं बागेत बापाशी बोलायची. वाल्मीकलाही तिच्याशिवाय करमायचं नाही. तिचा आपल्यावर किती भरवसा आहे हे त्याला माहीत होतं, आणि पुढे जे झालं ते त्या भरवशामुळेच झालं.

त्या वर्षी दिवाळीनंतर दीपमालाच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या. मग त्या गालावर उतरल्या. मग लाल झाल्या, काहींना पांढरी टोकं आली. सुवर्णा म्हणाली, "उष्णता हाय. सब्जा खा, जाईल." सब्जा खाऊन काही गेलं नाही. पोरगी सकाळ-संध्याकाळ तोंड धुवायची, धुवायची कसली, अक्षरशः खरवडायची. टाच घासायच्या दगडाने एकदा गाल घासून घेतला. वर जाड पंच्याने खसाखसा पुसायची. जितकं घासावं तितकं ते लाल व्हायचं. आणि केसांना तर आई रोज चोपून तेल लावायची, दोन वेण्या, लाल रिबिनी. ते तेल दिवसभर कपाळावर ओघळत असायचं. त्याचा आणि पुटकुळ्यांचा काही संबंध असेल असं घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बरं, आपली भाषाही काय कमी आहे का! रस्त्यावर टाकतात तोही मुरूम आणि तोंडावर येतो तोही मुरूम. त्याच हिवाळ्यात शाळेसमोर रस्त्याचं काम निघालं होतं, कडेला मुरमाचे हे एवढाले ढीग. वर्गातल्या कार्ट्यांना आयतंच सापडलं. दीपमाला वर्गात आली की कुणीतरी म्हणायचं, "मुरूम पडला रे. आता रोलर कधी फिरणार?" आणि सगळा वर्ग खिदळायचा. एक दिवस तिच्या बाकावर कुणीतरी खरोखरच मूठभर मुरूम पसरून ठेवला. बाईंनी विचारलं तर कुणी बोललं नाही. दीपमालाने तो ओढणीत गोळा केला, खिडकीतून बाहेर टाकला आणि दिवसभर मान वर केली नाही.

हे तिने आईला सांगितलं नाही. बापाला सांगितलं. वाल्मीक तेव्हा बागेत गंधकाची धुरळणी करत होता. थंडीत वेलीवर भुरी येते, पानं पिठात घोळल्यासारखी पांढरी दिसायला लागतात, आणि तिच्यावर गंधकाची भुकटी उडवली की ती जाते. वाल्मीकच्या हातची धुरळणी म्हणजे काम फत्तेच. दीपमाला बांधावर बसून त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो थांबल्यावर म्हणाली, "आप्पा, पानावरची भुरी तुम्ही घालवता. माझ्या तोंडावरची नाही का घालवणार?"

आणि मग बाकावरच्या मुरमाची गोष्ट सांगितली. सांगताना रडली नाही. वाल्मीकने तोंडावरचं उपरणं सोडलं. "घालवतो की," तो म्हणाला. "त्यात काय एवढं."

दुसऱ्या दिवशी तो गंगापूर रोडवरच्या एका मेडिकलमध्ये गेला. काउंटरमागच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि एक छोटी ट्यूब पुढे ठेवली. म्हणाला, "चिठ्ठीची गरज नाही. यात थोडं गंधक असतं. तोंड साध्या साबणाने धुऊन रात्री अगदी पातळ लावायचं. रोज नको, एकाआड एक दिवस. आणि धीर धरायचा."

वाल्मीकने पुढचं काही ऐकलंच नाही. 'गंधक' एवढा शब्द कानात शिरला आणि त्याची छाती फुगली. "अहो, गंधकाचं आम्हाला काय सांगता," तो हसून म्हणाला, "आमचा जन्म गेला गंधकात." ट्यूब तिथेच ठेवून तो बाहेर पडला. खिशात पैसे नव्हते असं नाही. पण ज्या गोष्टीत सगळा तालुका आपल्याला विचारतो ती गोष्ट दुकानातून बोटभर ट्यूबमध्ये विकत घ्यायची, हे त्याच्या ताठ्याला पटेना. आता काय म्हणावं माणसाला!

रविवारी दुपारी सुवर्णा गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली. वाल्मीकने बागेच्या खोपीतलं गंधक वाटीत घेतलं. पानाला औषध चिकटावं म्हणून त्यात काहीतरी घालावं लागतं. तोंडाला चिकटायला काय घालावं? त्याने लिंबू पिळलं. लिंबाने डाग जातात हे तर सगळ्यांनाच ठाऊक. पिवळाधमक लगदा झाला. दीपमाला ओट्यावर बसली, डोळे मिटले, तोंड वर केलं. हसत होती. वाल्मीकने बोटाने तिच्या कपाळाला, गालांना, हनुवटीला जाड थर दिला. पान कोपऱ्यातसुद्धा कोरडं राहू नये असा त्याचा बागेतला नियम, तोच इथेही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आप्पा, आग होतेय."

"आग होतेय म्हणजे औषध लागू पडतंय," वाल्मीक म्हणाला. "दम धर."

तिने दम धरला. किती धरावा एखाद्या पोरीने! ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडून बसली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते गंधकाचं आहे असं वाल्मीक स्वतःला सांगत राहिला. मध्येच तिने पुन्हा विचारलं, "आता धुऊ का?" तो म्हणाला, "थोडं अजून." शेवटी लगदा वाळून तडकायला लागला तेव्हा त्याने धुवायला सांगितलं. पाणी लागताच ती किंचाळली. तोंड सगळं लालबुंद, आणि डोळ्यांखाली सूज चढत होती.

 काय करावं वाल्मीकला सुचेना, तो नुसता तांब्याने तिच्या तोंडावर पाणी घालत राहिला. तेवढ्यात दारात सुवर्णा उभी. हातात वाण, तोंडावर तिळगुळाचं हसू, आणि ते तिथल्या तिथे विरलं.

"काय लावलंस गं तोंडाला?"

वाल्मीकने तोंड उघडलं होतं. उघडलं होतं हे खरं. पण त्याच्या आधी दीपमाला बोलली. "मीच लावलं आई. खोपीतलं गंधक होतं. मला वाटलं मुरूम जातील."

आणि तिने एकदा बापाकडे बघितलं. सूज आलेल्या डोळ्यांनी, अगदी क्षणभर. वाल्मीकने त्या क्षणात बोलायला हवं होतं.  त्याने मिठाची गुळणी धरली. आत्ता नको, पोरगी रडतेय, रात्री सांगू, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. रात्री वाटलं सकाळी सांगू. खरं कारण तो स्वतःशीही बोलत नव्हता. पानाचा डॉक्टर आणि स्वतःच्या पोरीचं तोंड भाजलं, हे गावाला कळलं तर? बस्स, एवढंच. एवढ्यासाठी त्याने तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला आपल्या पुढे उभं केलं आणि स्वतः मागे लपला.

सकाळी तिचे डोळे उघडेनात. गालांवर फोड आले होते, त्यातून पाणी वाहत होतं. सुवर्णा रडत होती आणि रडता रडता पोरीला बोलत होती. "अक्कल कुठं गेली होती तुझी? घरात एवढा जाणता बाप बसलाय, त्याला एका शब्दानं विचारायचंस तरी." वाल्मीक कोपऱ्यात चपला शोधत होता. चपला पायातच होत्या.

गंगापूर रोडवर त्वचेच्या एक डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडे नेलं. बाईंनी तोंड बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुणी सांगितलं तुला लावायला?"

"कुणी नाही. माझं मीच," दीपमाला म्हणाली.

"अगं, मलमात गंधक असतं ते चिमूटभर, आणि माणसाच्या कातडीसाठी बनवलेलं. हे बागेतलं. वर लिंबू, म्हणजे जखमेवर मीठच." मग बाईंनी वाल्मीककडे बोट केलं. "तुझे वडील धुरळणी करताना तोंड बांधतात की नाही? विचार त्यांना."

 दीपमाला खाली बघत राहिली.

"बांधतो," वाल्मीक म्हणाला. नाकावरून, तोंडावरून, गालांवरून घट्ट उपरणं बांधल्याशिवाय त्याने कधी गंधकाला हात लावला नव्हता. कातडी चरचरते, डोळे झोंबतात, हे त्याला कालपरवा कळलेलं नव्हतं, लहानपणापासून माहीत होतं. डॉक्टरबाई पुढे काहीतरी बोलत होत्या, पण त्याच्या कानात नुसता आपलाच आवाज घुमत होता. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं त्याला वाटलं. जमीन काही दुभंगली नाही. बाईंनी त्याला खुर्चीवर बसा म्हटलं, एवढंच.

बाईंनी आधी कातडी भरून यायला साधं पांढरं मलम दिलं. "तोवर दुसरं काही म्हणजे काही लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "हळद नाही, दही नाही, चंदन नाही. उन्हात तोंड झाकायचं. मुरमांचं नंतर बघू. ते काही पाप नाही, या वयात येतातच, नुसती उष्णता नव्हे. साध्या मुरमांना चिठ्ठीसुद्धा लागत नाही. मेडिकलमधली ट्यूब, सौम्य साबण आणि धीर. फार खोल, दुखरे आले किंवा खड्डे पडायला लागले तर मात्र घेऊन या."

"धीर म्हणजे किती?" वाल्मीकने विचारलं.

"दोन-तीन महिने तरी."

बागेत फवारणी केली की तिसऱ्या दिवशी फरक बघायला जाणारा माणूस हा. 

ही गोष्ट इथेच थांबली असती तर वाल्मीक कदाचित तसाच गप्प राहिला असता. असतात अशी माणसं. पण आठवड्याभराने त्याची थोरली बहीण पुतळाबाई भाचीला बघायला आली. पुतळाबाई म्हणजे फाटक्या तोंडाची नव्हे, पण मनात जे येईल ते तोंडातून बाहेर काढल्याशिवाय तिला जेवण जात नसे. तिने दीपमालाचं खपल्या धरलेलं तोंड हनुवटीला धरून इकडून तिकडून बघितलं, आणि सुवर्णाला आत नेऊन म्हणाली, पण आवाज असा की ओट्यावरसुद्धा ऐकू यावा:

"वयनी, पोरीला इतकी नटायची हौस आली ती कुणासाठी? आपण होऊन तोंडाला औषधं फासती म्हणजे काय? सायकलवर एकटी जाती-येती. माझं ऐकशील तर आठवी झाली की शाळा बंद कर. एक-दोन वर्षात उजवून टाकू. उद्या काही झालं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाय."

सुवर्णा मुळात तशी बाई नव्हती. पण घाबरली होती. आणि घाबरलेल्या माणसाला कुणी वाट दाखवली की ती बरी वाटते. "मलाही तेच वाटतंय अक्का," ती म्हणाली. "मी विचारलं तर धड बोलतही नाय."

ओट्यावर दीपमाला मान खाली घालून गव्हातले खडे वेचत होती. तिने सगळं ऐकलं होतं. वाल्मीकनेही ऐकलं होतं. आता ती बोलेल असं त्याला वाटलं, म्हणेल, आत्या, मी नाही, आप्पांनी लावलं. त्याला, खोटं कशाला बोलू, थोडं हायसंच वाटलं असतं. ती मात्र खडे वेचत राहिली. तिची शाळा जात होती, नाव जात होतं, आणि ती बापाचं नाव सांभाळून बसली होती. तेव्हा कुठे हा गृहस्थ उठला.

"अक्का," तो दारात उभा राहून म्हणाला, "तिनं नाय लावलं. मी लावलं."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"सुवर्णा हळदीकुंकवाला गेली होती तेव्हा. मीच कालवलं, मीच लावलं. ती धुऊ का म्हणत होती तरी मी धुऊ दिलं नाय. तिची काही चूक नाय."

 मग पुतळाबाईने पदर डोळ्यांना लावला. "बघ वयनी," ती म्हणाली, "बापाचं काळीज बघ. पोरीवर आळ यायला लागला तर अंगावर घेतोय."

"अगं अक्का, खरंच सांगतोय."

"राहू दे. दिंडोरीचे बागाईतदार तुला विचारल्याबिगर पानाला हात लावीत नायत, आणि तू पोटच्या पोरीच्या तोंडाला खोपीतलं गंधक लावशील? कुणाला सांगतोस रे, मी तुला कडेवर खेळवलाय."

वाल्मीकने सुवर्णाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात त्याच्याबद्दल जे कौतुक होतं ते त्याला बघवेना. इतकी वर्षं संसार करून तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "देवाशपथ," तो म्हणाला, "देवाशपथ मी लावलं." त्याने देवाची शपथ घेतली तशी दोघींना अजूनच गहिवरून आलं. आता पोरीसाठी हा माणूस खोटी शपथसुद्धा घेतोय! मग तो दीपमालाकडे वळला. "तू तरी सांग."

दीपमालाने सूप बाजूला ठेवलं. "आप्पा खोटं बोलतात," ती शांतपणे म्हणाली. "मीच लावलं होतं."

झालं. शाळा मात्र वाचली. पुतळाबाईच म्हणाली, एवढा जीव टाकणारा बाप असताना पोरगी वाकडं पाऊल टाकायची नाय, शिकू दे तिला. वाल्मीकला जे हवं होतं ते मिळालं, फक्त त्याचं खरं पटल्यामुळे नाही. आणि जाताना पुतळाबाईने ही हकिकत वाटेतल्या चार घरी सांगितली. पंधरवड्यात सगळ्या शिवारात झालं की वाल्मीकसारखा बाप होणे नाही. आता बोला.

दुसऱ्या दिवशी बागेत त्याने तिला विचारलं, "का गं असं केलंस?"

ती वेलीच्या सावलीत उभी होती, ओढणीने तोंड झाकून. जरा विचार करून म्हणाली, "तुम्हाला लोक विचारतात आप्पा. मला कोण विचारतं?"

वाल्मीक खाली वाकून वेलीखालची सुकलेली पानं वेचायला लागला. 

खपल्या पडल्या, खालची कातडी गुलाबी निघाली, मग काही ठिकाणी काळवंडली. डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं आणि आता मुरमांचं करा म्हणाल्या. वाल्मीक त्याच मेडिकलमध्ये गेला, मान खाली घालून. गंधक त्याला डोळ्यांसमोर नको होतं. बाईंनी सांगितलेली दुसऱ्या औषधाची कमी ताकदीची ट्यूब त्याने मागितली, आणि काउंटरमागचा माणूस जे बोलला ते शेवटपर्यंत ऐकलं. सकाळ-संध्याकाळ सौम्य साबण, नुसत्या बोटांनी. कोमट पाणी. पुसायचं नाही, टिपायचं. सुवर्णाने जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा त्यासाठी काढून दिला. रात्री तोंड कोरडं झाल्यावर तुरीच्या दाण्याएवढं औषध, सगळीकडे पातळ, सुरुवातीला एक दिवस आड. कातडी ओढल्यासारखी वाटली तर वरून साधं क्रीम, आणि औषध थोडे दिवस थांबवायचं. मुरूम फोडायचा नाही, कितीही हात शिवशिवले तरी. तेल केसांच्या टोकांना, कपाळापर्यंत येऊ द्यायचं नाही.

महिना गेला, काही दिसेना. उशीचा निळा अभ्रा औषधाने पांढरा पडला, एवढाच काय तो फरक. सुवर्णा म्हणाली, "अभ्र्याचा रंग उडतोय, मुरूम काही उडत नायत." वाल्मीकच्या जिभेवर कितीदा आलं, अगं थोडं जास्त लाव की. दरवेळी त्याने जीभ आवरली. रोज संध्याकाळी ती मोरीत तोंड धुवायला गेली की तो ओट्यावर बसून राहायचा. काहीच करायचं नाही, हे त्याच्याइतकं अवघड कुणालाच गेलं नसेल. पण ती सांगितलेलं इमानाने करत राहिली, आणि पाऊस सुरू व्हायच्या सुमारास गालावरचे मुरूम बसले. कपाळ जवळजवळ साफ झालं. अधूनमधून एखादा यायचा, तो यायचाच. काळे डाग विरायला पुढचं वर्ष गेलं. डाव्या गालाच्या हाडावर तेवढी एक फिकट खूण राहिली, ती फोडाची होती, मुरमाची नव्हती.

वाल्मीकने त्यानंतर दुसऱ्यांच्या बागा बघणं बंद केलं. फटफटी आली की म्हणायचा, "मला नाय कळत त्यातलं, कृषी अधिकाऱ्याला विचारा." लोकांना वाटलं, काय नम्र माणूस. जो तो त्याचं अजूनच कौतुक करायला लागला. त्याने आणखी दोन-तीनदा सुवर्णाला खरं सांगून बघितलं. ती हसायची आणि म्हणायची, "जुनं कशाला उगाळता? चांगलं केलंत तुम्ही." शेवटी त्याने नाद सोडला. खरं बोलूनही कुणी रागावत नाही, यासारखी शिक्षा नाही. एक शिवी, एक थप्पड कुणी दिली असती तर तो मोकळा झाला असता. पण ज्याला त्याला त्याच्या पाया पडायची घाई.

दीपमाला शिकली. बी.एड. करून पंचवटीत शाळेत लागली. बापाशी पहिल्यासारखीच बोलायची, त्याची चेष्टा करायची, त्याला चष्मा घ्यायला लावला. त्या गोष्टीचा तिच्या तोंडून पुन्हा कधी उच्चार नाही. आपल्या वर्गातल्या पोरापोरींच्या तोंडावर मुरूम आले की त्यांना बाजूला घेऊन साबण आणि धीर सांगायची, खरवडू नका म्हणायची. वाल्मीकला वाटायला लागलं, विसरली. इतकी वर्षं झाली. पोरं विसरतात.

दोन हजार तीन साली तिचं लग्न ठरलं. हळदीचा दिवस. अंगणात मांडव, बायका पाटाभोवती गोळा झालेल्या, हशा-खिदळणं चाललेलं. दीपमाला पाटावर बसलेली, हातापायांना, गळ्याला, गालांना पिवळीजर्द हळद, आणि तीही हसतेय. सगळ्यांनी लावून झालं तेव्हा पुतळाबाईने वाल्मीकला दंडाला धरून पुढे आणलं. "लाव रे लेकीला. लाजतोस काय?"

वाल्मीकने वाटीत बोटं बुडवली. वाकला आणि तिच्या गालाकडे हात नेला.

दीपमालाची मान मागे गेली. झटकन. डोळे घट्ट मिटले, दोन्ही हातांनी पाटाची कड पकडली गेली. निमिषभरच. लगेच तिने डोळे उघडले, आणि आपण हे काय केलं याचं तिलाच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. "लावा ना आप्पा," ती हसून म्हणाली आणि गाल पुढे केला. तिने तो मुद्दाम पुढे केला हे वाल्मीकला कळलं.

"लाजली गं बाई बापाला," कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या.

वाल्मीकचा हात तिथेच थांबला होता. आपल्याला माफ केलंय की नाही हे इतकी वर्षं तो तिच्या बोलण्यात शोधत आला होता. तिने केलं होतं, मनापासून केलं होतं, याबद्दल त्याला आता शंका उरली नाही. आणि त्या माफीने गालाला बसलेली भीती काही जाणार नव्हती. तो खाली बसला.

"अरे तोंडाला लाव, पायाला काय लावतोस?" पुतळाबाई म्हणाली.

"असू दे अक्का," तो म्हणाला. त्याने लेकीच्या दोन्ही पावलांना हळद लावली, अगदी पातळ, आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही.